रोबोकॉपी रात्रभर अडकते आणि सकाळी बॅकअप अर्धाच: नेटवर्कवरची कॉपी कशी तपासायची

सीएचं ऑफिस असो, डीटीपीचं दुकान असो की हाउसिंग सोसायटीचं कार्यालय, मांडणी बहुतेक तीच असते. चार-पाच विंडोज पीसी, कोपऱ्यात एक नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांनी वापरायची डिस्कची पेटी) किंवा 'सर्व्हर' म्हणून बढती मिळालेला जुना पीसी, आणि कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली रोबोकॉपीची (विंडोजमधली फाइल्स कॉपी करणारी कमांड) बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल. ती बरेच दिवस मुकाट चालते आणि एके दिवशी रुसते. मग तक्रारी येतात त्या अशा:

- सकाळी काळी खिडकी तशीच उघडी असते आणि त्यात '३० सेकंद थांबतोय, पुन्हा प्रयत्न करतोय' याच ओळी
- एरर ५३, ६७, ५, ३२, ६४ किंवा १३२६
- दिवसा हाताने चालवली की चालते, रात्री टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) चालत नाही
- शेड्युलर 'शेवटचा निकाल ०एक्स१' दाखवतो आणि सगळे घाबरतात
- न बदललेल्या फाइल्स रोज नव्याने कॉपी होतात
- कॉपी झाली म्हणते, पण फोल्डर दिसत नाही
- बाकी सगळं जातं, नेमक्या मराठी नावाच्या दोन-तीन फाइल्स मागे राहतात
- वेग ११ एमबी प्रतिसेकंदाच्या वर जातच नाही

यातलं तुमचं लक्षण कुठलंही असो, तपासणी खालच्या क्रमानेच करा. सुरुवातीचे उपाय फुकट आणि पाच मिनिटांचे आहेत, आणि माझ्या अनुभवात बहुतेक भानगडी तिथेच मिटतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं.

आधी तिला लवकर हार मानायला शिकवा

एखादी फाइल उचलता आली नाही तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. तुम्ही काही सांगितलं नसेल तर असे प्रयत्न ती दहा लाख वेळा करते. हिशेब करून बघा, एका अडेल फाइलपायी ३४७ दिवस. म्हणजे खिडकी 'हँग' झालेली नसते, ती इमानेइतबारे वाट बघत असते. म्हणून पहिलं काम हे:

रोबोकॉपी "डी:\ऑफिस डेटा" "\\नॅस\बॅकअप\ऑफिस डेटा" /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एनपी /टीईई /युनिलॉग:सी:\लॉग\कॉपी.टीएक्सटी

/ई म्हणजे आतली सगळी फोल्डरंही घे, /आर:२ म्हणजे दोनदाच पुन्हा प्रयत्न, /डब्ल्यू:५ म्हणजे मधे पाच सेकंद. /एनपी नसेल तर लॉग टक्केवारीच्या आकड्यांनी भरून जातो आणि कामाची ओळ सापडत नाही. /टीईईमुळे मजकूर पडद्यावरही दिसतो आणि फाइलमध्येही जातो. साध्या /लॉगऐवजी /युनिलॉग का, तर साध्या लॉगमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि कुठली फाइल अडली तेच कळत नाही. सी:\लॉग हे फोल्डर आधी बनवून ठेवा.

आता लॉगमध्ये 'एरर' शोधा. त्याच्यापुढचा साधा आकडा लिहून घ्या. कंसातला ०एक्सने सुरू होणारा लांबलचक आकडा म्हणजे तोच आकडा दुसऱ्या पद्धतीने, तो सोडून द्या. 'कॉपी होत नाही' एवढ्यावर कुणीही काही सांगू शकत नाही, 'एरर ६७' म्हटल्यावर अर्धं काम झालेलं असतं.

टास्क शेड्युलरमधल्या ०एक्स१ची भीती इथेच घालवून टाकू. रोबोकॉपीत ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं आणि १ म्हणजे फाइल्स नीट कॉपी झाल्या. ७ पर्यंतचे आकडे 'काम झालं, काही गोष्टी बघून घ्या' या अर्थाचे असतात. ८ किंवा जास्त आला तरच काहीतरी राहिलंय. बाकीच्या जगात शून्याखेरीज सगळं म्हणजे बिघाड, त्यामुळे चांगल्या चाललेल्या बॅकअपची दुरुस्ती करायला बसलेले लोक मी पाहिलेत.

अवतरणचिन्ह आणि तिरकी रेघ

फोल्डरच्या नावात जागा असेल तर पूर्ण पाथ दुहेरी अवतरणात हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. गोची पुढे आहे. पाथच्या शेवटी, बंद होणाऱ्या अवतरणाच्या अगदी आधी उलटी तिरकी रेघ राहिली, म्हणजे "डी:\ऑफिस डेटा\" असं लिहिलं, की ती रेघ अवतरणचिन्हालाच गिळते. मग रोबोकॉपीच्या दृष्टीने पाथ संपतच नाही. पुढचं ठिकाण आणि पुढचे सगळे पर्याय त्याच नावात मिसळतात. परिणाम एरर १२३ किंवा 'पॅरामीटर चुकीचा'. शेवटची रेघ काढून टाका. एक्सप्लोररमधून पाथ चिकटवताना किंवा कुणी हौसेने रेघ जोडल्यावर हे हमखास होतं, आणि डोळ्यांना दिसता दिसत नाही.

समोरचा पीसी जागा आहे का?

एरर ५३ म्हणजे ते यंत्रच सापडत नाही. एरर ६७ म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या नावाचं शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) नाही. बहुतेक वेळा कुणीतरी फोल्डरचं नाव बदललेलं असतं. दोन्हींत फरक करा, नाहीतर शेअरचं नाव चुकलेलं असताना केबल बदलत बसाल.

५३ असेल तर उठून त्या यंत्राजवळ जा. संध्याकाळी सातला झोपी जाणारा पीसी रात्री बाराला कॉपी घेणार नाही. पॉवर सेटिंगमध्ये प्लग लावलेला असताना स्लीप 'कधीच नाही' करा. त्यानंतर नावाऐवजी आयपी पत्ता घालून बघा. पत्त्याने चाललं आणि नावाने नाही, तर यंत्र ठीक आहे, नाव सोडवण्यात अडचण आहे. पत्त्यानेच कायम चालवायचं असेल तर राउटरमध्ये त्या यंत्राला तो पत्ता राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला दुसराच पत्ता देतो आणि तुमची बॅच फाइल कुणाच्या तरी प्रिंटरचं दार ठोठावत बसते.

पिंगला (यंत्र उत्तर देतं का ते बघणारी कमांड) उत्तर आलं नाही म्हणून यंत्र बंद आहे असं धरू नका, विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते. खरी परीक्षा पोर्ट ४४५ची, कारण विंडोजची फाइल शेअरिंग त्याच दारातून चालते. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे यंत्राचं नाव आणि '-पोर्ट ४४५' द्या. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे. फॉल्स आलं तर त्या यंत्रावर नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते बघा. राउटर बदलला की विंडोज नव्या नेटवर्कला सहसा पब्लिक समजतं आणि शेअरिंगचं दार लावून घेतं. 'प्रायव्हेट' करा. फायरवॉल मात्र पूर्ण बंद करू नका. 'बंद केल्यावर चाललं' असं म्हणून ती तशीच सोडलेली ऑफिसं कमी नाहीत.

सकाळी दहाच्या गर्दीतच कधीकधी एरर ७१ येतो. विंडोज १० किंवा ११ असलेला साधा पीसी सर्व्हर म्हणून वापरला तर तो एका वेळी २० जोडण्याच घेतो. माणसं वाढली असतील तर नॅस घ्यायची वेळ झाली.

दिवसा चालते, रात्री नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बॅच फाइलमध्ये \\नॅस\बॅकअपऐवजी झेड: असं ड्राइव्हचं अक्षर लिहिलेलं असतं. एक्सप्लोररमध्ये झेड: समोर दिसत असतो, त्यामुळे शंका येत नाही. पण हे अक्षर त्या वापरकर्त्याच्या त्या लॉगिनपुरतंच असतं. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या खिडकीला तो झेड: दिसत नाही, कारण विंडोजच्या लेखी ते वेगळं लॉगिन आहे. रात्री कुणी लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला तर नाहीच नाही. मग एरर ३, पाथ सापडत नाही. बॅच फाइलमध्ये नेहमी दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पाथ लिहा, ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका.

टास्क कुठल्या खात्याने चालतो तेही बघा. 'सिस्टिम' खात्याने चालत असेल तर स्वतःच्या पीसीवर त्याला सगळे अधिकार, पण नेटवर्कवर तो कुणी माणूस म्हणून जात नाही, पीसी म्हणून जातो. नॅस त्याला ओळखत नाही आणि एरर ५ किंवा १३२६ देतं. नॅसवर ज्याचं खातं आहे असा वापरकर्ता टास्कला द्या, आणि 'पासवर्ड साठवू नका' या चौकटीत खूण असेल तर काढा. ती खूण असताना टास्कला फक्त त्याच पीसीवरच्या गोष्टींना हात लावता येतो. चौकट निरुपद्रवी, सुरक्षितसुद्धा वाटते, म्हणून लोक खूण करून मोकळे होतात.

पासवर्ड आणि परवानग्या

१३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. पीसीवर लॉगिन करायचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. तो त्या एका यंत्रापुरता असतो, इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याने नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज मुळातच आत घेत नाही. 'आमच्याकडे पासवर्डची कटकटच ठेवली नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्या ऑफिसांत कॉपी चालत नाही ती यामुळेच. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पडून असतो, तो काढा.

१२१९ म्हणजे याच यंत्राशी तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. 'नेट यूज' चालवलं की चालू जोडण्यांची यादी येते. जुनी 'नेट यूज', तिचा पाथ आणि '/डिलीट' देऊन तोडा.

एरर ५, प्रवेश नाकारला. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की विंडोजच्या शेअरला दोन कुलपं असतात, एक शेअरिंग टॅबवरचं आणि एक सिक्युरिटी टॅबवरचं. दोन्हींपैकी जे कडक तेच लागू होतं. एकीकडे 'फुल कंट्रोल' देऊन दुसरीकडे फक्त वाचायची परवानगी असेल तर लिहिता येणार नाही. घाईत 'एव्हरीवन'ला सगळं देऊन मोकळं होऊ नका. बॅकअपसाठी एक वेगळं खातं बनवा, त्यालाच लिहायचा अधिकार द्या आणि बाकीच्यांना फक्त वाचायचा. ऑफिसमधल्या एखाद्या पीसीत व्हायरस शिरला तर बॅकअप वाचतो तो यामुळे.

फाइल कुणाच्या तरी हातात आहे

एरर ३२. एक्सेल उघडंच टाकून कुणी घरी गेलंय, आउटलुक चालू आहे किंवा टॅली बंद केलेलं नाही. /बी लावला की उघड्या फाइल्स कॉपी होतात असा समज आहे, तो चुकीचा. तो पर्याय परवानग्यांना वळसा घालतो, कुलूपबंद फाइल काही उघडत नाही. शिवाय चालू असलेल्या हिशेबाच्या फाइल्स कशाबशा उचलल्या तरी त्या एकमेकींशी जुळतील याची खात्री नसते. टॅलीचा स्वतःचा बॅकअप आधी घ्या आणि त्याची फाइल रोबोकॉपीने हलवा. चालू डेटाबेसची थेट कॉपी हा बॅकअप नव्हे.

मराठी नावांच्या फाइल्स

यावर इंग्रजीतल्या मदतीत सहसा काही सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

बॅच फाइलमध्येच देवनागरी पाथ असेल तर नोटपॅड तो यूटीएफ-८मध्ये जतन करतं आणि कमांड प्रॉम्प्ट जुन्या कोडपेजने वाचतो. नावाचा चिवडा होतो आणि पाथ सापडत नाही. बॅच फाइलची पहिली ओळ 'सीएचसीपी ६५००१' करा. याहून सोपं म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव रोमन ठेवा. आतल्या मराठी नावांना रोबोकॉपी स्वतः सांभाळून घेते. काळ्या खिडकीत नावांच्या जागी चौकोन दिसले तर तो फक्त फाँटचा प्रश्न आहे, कॉपीशी त्याचा संबंध नाही.

दुसरी अडचण लांबीची. बहुतेक नॅस आतून लिनक्सवर चालतात आणि तिथे एका फाइलनावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यात काना, वेलांटी, पायमोड सगळं वेगळं मोजलं जातं. 'र्षि' तुम्हाला एक अक्षर दिसतं. ते र, पायमोड, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त' एवढ्यानेच ८७ बाइट होतात. त्यापुढे सोसायटीचं पूर्ण नाव, आर्थिक वर्ष, 'अंतिम', 'अंतिम सुधारित' आणि 'सचिवांनी पाहिलेली' जोडलं की मर्यादा ओलांडलीच. विंडोजची डिस्क चिन्हं मोजते, बाइट नव्हे, म्हणून तुमच्या पीसीवर ती फाइल सुखाने नांदत असते आणि नॅस तिला नाकारतं. नॅसवर एन्क्रिप्ट केलेलं शेअर असेल तर ही मर्यादा काही प्रकारांत १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. उपाय एकच, नाव आखूड करा आणि तपशील फोल्डरच्या नावात न्या.

किरकोळ, पण छळणारे

त्याच फाइल्स रोज जात असतील तर /एफएफटी लावा, तो दोन सेकंदांपर्यंतचा फरक धरत नाही. राउटरला लावलेल्या फॅट३२च्या पेनड्राइव्हसारख्या ठिकाणी वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे दोन्हीकडची वेळ कधीच जुळत नाही. त्याच फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, डिस्क रिकामी असली तरी.

पूर्ण डी: ड्राइव्ह कॉपी केला आणि फोल्डर गायब झालं, तर ते तिथेच आहे, लपलेलं. ड्राइव्हच्या मुळाला 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुण असतात, ते नव्या फोल्डरला चिकटतात. कमांडमध्ये /ए-:एसएच जोडा.

/एमआयआरबद्दल एक ताकीद. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते तो बॅकअपमधूनही पुसतो. मूळ फोल्डर आहे पण कुणी आतलं सगळं चुकून उडवलंय, तर रात्री बॅकअपही तितकाच स्वच्छ होईल. आधी /एल लावून चालवा. त्यात फक्त यादी येते, काही हलत नाही. मी छोट्या ऑफिसांत /एमआयआर देतच नाही, /ई पुरतो.

केबल, स्विच आणि वेग

इथपासून पैसे लागू शकतात. वेग ११ एमबीवर थबकला असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर चाललीय. गिगाबिटवर ११०च्या आसपास मिळायला हवा. १०० जीबीसाठी फरक अडीच तास आणि पंधरा मिनिटं असा पडतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस चारांवर भागतं. म्हणजे उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली किंवा तिचं क्रिम्पिंग कच्चं असलं तरी जोडणी चालू राहते, फक्त मंद होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आधी चांगली केबल लावून बघा, मग स्विचचं दुसरं पोर्ट, मग स्विच. वायफायवरून रात्रीचा बॅकअप घेऊच नका.

एरर ६४, ५९ किंवा १२१ म्हणजे चालू कॉपीत जोडणी तुटली. क्रम तोच, केबलपासून. सोबत डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या' ही खूण काढा. मोठ्या फाइल्स मधेच तुटत असतील तर /झेड लावा, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. पण वेग घटतो, म्हणून दुरुस्ती झाली की काढून टाका.

नवा पीसी, जुनं नॅस

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि अनेक ऑफिसांनी नवे पीसी घेतले. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून दोन गोष्टी कडक झाल्या: प्रत्येक संदेशावर एसएमबीची (विंडोजच्या फाइल शेअरिंगची भाषा) सही लागते, आणि पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून जाता येत नाही. गेस्ट अडवला की एरर १२७२ दिसतो. नॅसवर नाव-पासवर्डाचं खातं बनवा आणि नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करा, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. एखादं जुनाट यंत्र फक्त एसएमबी१ बोलत असेल तर ते पुन्हा चालू करायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एरर २३ किंवा १११७ आला तर नेटवर्क सोडा, डिस्क जातेय. पुन्हा पुन्हा कॉपी चालवू नका आणि चेकडिस्कही नाही; मरणाऱ्या डिस्कवर जितकं काम लादाल तितकं परत मिळण्याची शक्यता कमी. पीसी बंद करा आणि डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नॅसवर डिस्कचा लाल दिवा लागला असेल तरी तेच, अंदाजाने डिस्क ओढून काढू नका. चुकीची निघाली तर उरलेलंही जातं.

पीसी कंपनीच्या डोमेनवर (एका मुख्य सर्व्हरवरून सगळे पीसी सांभाळायची व्यवस्था) असेल तर परवानग्या आणि फायरवॉल तुमच्या हातात नाहीत, आयटीला सांगा. दोन इमारतींमधून उघड्यावरून तांब्याची केबल गेली असेल आणि पावसाळ्यात दरवर्षी पोर्ट जळत असेल, तर ते काम अर्थिंग समजणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं आणि फायबर टाकणाऱ्याचं आहे.

फाइल्सना अनोळखी शेपटं लागलीत, उघडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी आहे, तर सगळ्यात आधी बॅकअप नॅसची नेटवर्क केबल ओढा आणि शेड्युलरमधला टास्क बंद करा. नाहीतर आज रात्री रोबोकॉपी त्याच बिघडलेल्या फाइल्स बॅकअपमध्येही आणील, आणि /एमआयआर असेल तर चांगल्या प्रती पुसून टाकील. यंत्रं फॉरमॅट करू नका, काही पुसू नका.

बोलावलेल्या माणसाला द्यायच्या गोष्टी: लॉग फाइल, एरर क्रमांक, शेवटची नीट झालेली कॉपी कोणत्या तारखेची, आणि त्यानंतर ऑफिसमध्ये काय बदललं. राउटर, पासवर्ड, नवा पीसी, नवी जागा, हलवलेलं टेबल, सगळं सांगा. टेबल हलवताना केबल खुर्चीच्या चाकाखाली आलेली असते, हेही मी बघितलेलं आहे.